अभ्यासाची संगणकप्रणाली आणि आपली लिपी

संगणकावरील अभ्यासाच्या प्रणाली आता खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोहोचल्या आहेत. पडद्यावर प्रश्न येतो, विद्यार्थी उत्तर टाइप करतो आणि ते बरोबर की चूक, हे यंत्र तत्काळ सांगते. हा निर्णय मराठी मुलावर अन्याय करणारा ठरू नये, यासाठी यंत्रात अक्षरे कशी साठविली जातात हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

अक्षरांचे क्रमांक

संगणकास अक्षर कळत नाही; अंक कळतो. म्हणून प्रत्येक अक्षरास क्रमांक द्यावा लागतो. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ‘आस्की’ संकेतात अवघ्या १२८ जागा होत्या. पुढे मराठीसाठी निघालेल्या अनेक फाँटांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसविले. साहजिकच फाँट बदलला की मजकूर निरर्थक होई. १९९१ साली भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक आले आणि त्याच वर्षी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. युनिकोडमध्ये देवनागरीचा स्वतंत्र विभाग आहे. कन्नड, गुजराती, तेलुगू तसेच उर्दूची अक्षरेही आहेत. त्यामुळे एकाच पाठात अनेक लिपी सुखाने नांदू शकतात.

रूप एक, क्रमांक दोन

तथापि एवढ्याने काम संपत नाही. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना व ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. दुसऱ्या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी टाइप करता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. ‘ॲ’चेही तसेच. २००८ साली त्यास स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्यापूर्वी तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत आणि आजही तसा लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला मात्र भिन्न. केवळ क्रमांक ताडून पाहणारी प्रणाली अचूक उत्तरही चूक ठरविते आणि आपलेच शुद्धलेखन कच्चे, असा मुलाचा समज होतो. युनिकोडच्या सर्वसाधारण एकरूपीकरणाच्या नियमांत या जोड्या येत नाहीत. प्रणाली रचणाऱ्यांनीच त्यांची वेगळी तरतूद करावयास हवी.

खरेदीपूर्वी पाहावे

यास्तव प्रणाली घेण्यापूर्वी असे शब्द दोन्ही रीतींनी टाइप करून पाहावेत. मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडावा. शब्दसूची वर्णक्रमाने लागते का आणि उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे नीट दिसतो का, हेही तपासावे. ही परीक्षा घटकाभराची आहे. ती टाळल्यास मुलाचा स्वतःच्या भाषेवरील विश्वास डळमळू शकतो.