गडग्यावर जगते, कुंडीत कुजते

रत्नागिरीच्या आसपासच्या एखाद्या वाडीत ऐन आषाढात चक्कर मारा. जांभ्या दगडांच्या गडग्यावर पानफुटी मजेत उभी असते. कुंपणाचा निवडुंगही हिरवागार दिसतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तरी या झाडांचे काही बिघडत नाही. आणि त्याच घराच्या पडवीत, छपराखाली जपून ठेवलेल्या कुंडीतली कोरफड मात्र पिवळी पडते, लिबलिबीत होते आणि एके दिवशी मान टाकते. असे का व्हावे?

या कोड्याचे उत्तर पावसाच्या आकड्यात नाही. गडग्यावर पडलेले पाणी दगडांच्या फटींतून घटकाभरात निघून जाते आणि मुळांभोवती पुन्हा हवा येते. कुंडीत पडलेले पाणी आठ-आठ दिवस तिथेच राहते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद होते. माती पाण्याने गच्च भरली की मुळे गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांवर मातीतले पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे बुरशीसदृश जीव तुटून पडतात. त्यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात! आपल्याकडच्या सुपारीच्या बागांत पावसाळ्यात फळगळ करणारा कोळे रोग याच फायटोफ्थोराचा प्रताप आहे.

आता या झाडांच्या पानांकडे पाहू. कोरफडीचे पान आडवे कापले तर मधला पारदर्शक गर दिसतो. ती पाण्याची टाकी आहे. बाहेरून मेणचट उपत्वचेचा लेप असतो, त्यामुळे पाणी सहजी उडून जात नाही. शिवाय ही झाडे पर्णरंध्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा, रंध्रे बंद असताना, प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जातो. याची एक खूण भारतातच टिपली गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन याने पानफुटीचे पान चाखून पाहिले. सकाळी ते आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागले. त्याचे हे निरीक्षण इ. स. १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. (तुम्ही मात्र पान चाखू नका. त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात.)

थोडक्यात, हे झाड काटकसरीने पाणी खर्च करणारे आहे. आपण रोज तांब्याभर पाणी ओतले, तरी त्याचा खर्च वाढत नाही. उरलेले पाणी मातीत साचते.

पान बिघडले की पुष्कळ लोक आधी औषध शोधतात. माझ्या मते आधी बोटे वापरावीत. बिघडलेले पान खालचे आहे की शेंड्याचे, मऊ आहे की कोरडे, हे पाहावे. सर्वांत खालची एक-दोन पाने कागदासारखी सुकत असतील तर काळजी नको, ते त्यांचे म्हातारपण आहे. पण खालची पाने पिवळसर, पाणी भरल्यासारखी आणि दाबल्यावर फुटतील अशी झाली असतील, तर मुळांशी पाणी साचले आहे असे समजा.

खरा चकवा आहे तो सुरकुतलेल्या पानाचा. एका श्रावणात आमच्या घरातल्या कोरफडीची पाने पातळ होऊन आत वळली. तहान लागली असेल म्हणून मी पाणी वाढवले. पाने आणखी सुरकुतली, मी आणखी पाणी घातले. पंधरवड्याने हात लावताच झाड बुंध्यातून निघून हातात आले. खाली मुळे उरलीच नव्हती! मुळे कुजली की पाणी भोवती असूनही ते शोषले जात नाही, आणि पान तहानलेलेच दिसते. म्हणून सुरकुती दिसली की आधी मातीत कुंडीच्या तळापर्यंत एक काडी खुपसून पाहा. काडी कोरडी निघाली तर झाड खरेच तहानलेले आहे. ओली माती चिकटून आली तर झाड कुंडीतून उपसा. निरोगी मुळे पांढरट व टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी असतात आणि ओढल्यावर त्यांची साल हातात येते. कुजका भाग स्वच्छ सुरीने कापा, झाड सावलीत चार-पाच दिवस तसेच ठेवून जखम सुकू द्या आणि मग कोरड्या मातीत लावा. पानफुटीच्या एका पानापासूनही नवी रोपे येतात, कोरफडीचे तसे नाही. तिच्या बुडाशी पिल्ले असतील तर ती आधी वाचवा.

ऑक्टोबरात वेगळीच तक्रार येते. चार महिने पडवीत राहिलेली कुंडी एकदम खळ्यात मांडली की पानाच्या उन्हाकडच्या बाजूला फिकट, कोरडे चट्टे पडतात. हे ऊन लागणे आहे, रोग नव्हे. कुंडी रोज थोडी-थोडी बाहेर सरकवावी. पाने लांबट, फिकी आणि लोळलेली दिसली तर उजेड कमी पडतो आहे. दमट हवेत मुळे पाणी घेतात पण बाष्पोच्छ्वास मंदावतो. तेव्हा काही पेशी फुगून फुटतात आणि पानावर खरखरीत तपकिरी पुळ्या उरतात. त्या पसरत नाहीत.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. स्पिरिटात बुडवलेल्या बोळ्याने ते पुसून काढा आणि मुंग्यांवरही नजर ठेवा, कारण मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी त्यांची राखण करतात. याच कुळाच्या जवळच्या एका किड्याची गोष्ट मजेची आहे. लाल रंग देणारा कोचिनील किडा म्हणून १७९५ साली कंपनीने ब्राझीलहून भारतात किडे आणवले. जात चुकली! रंग हलका निघाला, पण त्या किड्यांनी फड्या निवडुंगाच्या एका जातीचा मोठ्या मुलखातून फडशा पाडला.

आता कुंडी कशी भरावी ते पाहू. तळाशी खडे घातले की पाणी लवकर निघते, असे सर्रास सांगतात. ते खरे नाही. एक लांबट स्पंज भिजवून तळहातावर आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच उभा करा. आणखी पाणी गळेल. मातीच्या तळाशी ठरावीक उंचीचा ओला थर नेहमी राहतो. खडे घातल्याने तो थर नाहीसा होत नाही, उलट वर सरकून मुळांच्या जवळ येतो. म्हणून खडी तळाशी न घालता सगळ्या मातीत मिसळावी. एक भाग माती, एक भाग नदीची जाडी वाळू आणि एक भाग विटेचे किंवा जांभ्याचे चाळलेले बारीक तुकडे, एवढे पुरे. मांडवीची किंवा भाट्याची वाळू मात्र आणू नका. तिच्यातल्या मिठामुळे परासरणाने मुळांतलेच पाणी बाहेर ओढले जाते. मातीची कुंडी उत्तम. रंगाच्या रिकाम्या डब्यात झाड लावायचे असेल तर आधी तळाला भोके पाडा. जून लागताच कुंड्या पागोळ्यांपासून दूर, पण वारा खेळेल अशा जागी हलवा.

शाळेत एक प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल. पानफुटीची ५ ग्रॅम पाने सूर्योदयाच्या सुमारास तोडून लगेच वाटा, ५० मिलिलिटर पाण्यात मिसळून गाळा. त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका आणि विरल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत गुलाबी रंग टिकेपर्यंतचे थेंब मोजा. दुपारी चार वाजता त्याच झाडाची तेवढीच पाने घेऊन हेच पुन्हा करा. सकाळी जास्त थेंब लागतील. मग एखाद्या झाकोळलेल्या दिवशी हेच आकडे काढा आणि उन्हाच्या दिवसाच्या आकड्यांशेजारी वहीत मांडून पाहा.