वर्गातील अबोल भीती

एखाद्या अतिशय भीतिदायक किंवा दीर्घकाळ सोसाव्या लागलेल्या अनुभवाचा मनावर व शरीरावर जो खोल परिणाम उरतो, त्याला मानसशास्त्रात आघात म्हणतात. घरातील मारहाण, आईवडिलांपैकी एकाचा मृत्यू, लैंगिक अत्याचार, पालकांचे व्यसन यांतून तो उद्भवतो. परंतु पाच-सहा वर्षांच्या मुलाजवळ तो सांगण्याइतकी भाषा नसल्यामुळे तो वागण्यातून बाहेर पडतो आणि शाळेत त्या वागण्याला हट्ट, मस्ती किंवा मंदपणा अशी नावे मिळतात.

अमेरिकेतील सॅन दिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना बालपणातील अशा अनुभवांविषयी विचारण्यात आले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश व्यक्तींनी किमान एक अनुभव नोंदवला आणि अनुभवांची संख्या वाढते तसा नैराश्य, व्यसन व हृदयविकार यांचा धोकाही वाढतो, असे दिसून आले. हे लोक बहुतांशी आरोग्यविमा असलेले, मध्यमवर्गीय होते. म्हणून आघात केवळ गरिबांच्या घरी होतो ही समजूत सोडून देणे, ही शाळेतील कर्मचाऱ्यांना अशी मुले ओळखण्यासाठी द्यायच्या प्रशिक्षणाची पहिली पायरी ठरते.

सतत धोक्यात वाढलेल्या मुलाच्या मेंदूतील भय ओळखणारी यंत्रणा बाक सरकल्याच्या आवाजानेही जागी होते, आणि ती जागी असताना विचार व संयम सांभाळणारा भाग मागे पडतो. अशा क्षणी मुलाला ‘असे का केलेस’ असा जाब विचारणे व्यर्थ असते. त्याच्या उंचीला येऊन, हळू आवाजात, मोजक्या शब्दांत बोलणे, दिवसाचा क्रम ठरलेला ठेवणे आणि त्यात बदल होणार असल्यास आधी सांगणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींचा म्हणूनच कर्मचाऱ्यांकडून प्रत्यक्ष सराव करून घ्यावा लागतो. वर्गाबाहेर उभे करण्याच्या शिक्षेने तर ज्याला आधीच टाकून दिल्यासारखे वाटते त्या मुलाची भीती खरी ठरते. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केलेली आहेच.

मूल काही सांगू लागले तर शांतपणे ऐकावे, खोदून विचारू नये आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. कारण बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. याच कायद्याच्या २०२० च्या नियमांनी शाळांतील कर्मचाऱ्यांचे ठरावीक काळाने प्रशिक्षण आवश्यक मानले आहे. त्यात शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि बसमधील मदतनीस यांनाही सामावून घेतले पाहिजे, कारण मूल कोणावर विश्वास टाकेल हे पदावरून ठरत नाही.

मुलांची दुःखे रोज ऐकणाऱ्यांवरही त्याचा ताण साचतो. त्याला दुय्यम आघात म्हणतात. म्हणून त्यांनाही आधार हवा: भरलेल्या वर्गात एक मूल किंचाळत असताना शिक्षिकेने शांत राहावे, अशी अपेक्षा ठेवायची असेल, तर त्या पाच-दहा मिनिटांसाठी उरलेला वर्ग कोण सांभाळणार, हे मुख्याध्यापकांनी आधीच ठरवून ठेवले पाहिजे.