प्रेषक-पुष्टी पद्धती

प्रेषक-पुष्टी पद्धती : अनोळखी पत्त्यावरून आलेला ई-मेल, पाठविणाऱ्याकडून खातरजमा होईपर्यंत रोखून ठेवण्याची पद्धती. असंख्य लोकांना एकगठ्ठा पाठविले जाणारे अनाहूत संदेश म्हणजे स्पॅम थोपविण्यासाठी ती योजतात.

३ मे १९७८ रोजी एका अमेरिकन संगणक कंपनीने आर्पानेट या जालावरील सुमारे ४०० जणांना उद्देशून पाठविलेली जाहिरात हा स्पॅमचा पहिला ज्ञात नमुना मानतात. ई-मेल पाठविणाऱ्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. निवडण्याचे श्रम मात्र प्राप्तकर्त्यास पडतात. यावर उपाय म्हणून प्रेषकाच्या संगणकाला प्रत्येक संदेशामागे थोडे गणन करावयास लावावे, असे सिंथिया ड्वॉर्क व मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये सुचविले. प्रेषक-पुष्टीत गणनाऐवजी मानवी श्रमाची अट असते.

कार्यपद्धती : प्राप्तकर्त्याच्या मान्य यादीत प्रेषकाचा पत्ता असल्यास संदेश थेट पोहोचतो. नसल्यास तो बाजूला ठेवून त्या पत्त्यावर पुष्टीची विनंती आपोआप जाते. प्रेषकाने उत्तर दिले किंवा चित्रातील अक्षरे ओळखून लिहिली, की संदेश पोहोचतो व पत्ता यादीत नोंदला जातो. ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास संदेश रद्द होतो.

मर्यादा : ई-मेल वहनाच्या १९८२ च्या मूळ संकेतांत प्रेषकाच्या पत्त्याची सत्यता तपासण्याची तरतूद नव्हती. स्पॅम पाठविणारे बहुधा दुसऱ्याचाच पत्ता घालतात. त्यामुळे पुष्टीची विनंती त्या निरपराध व्यक्तीकडे जाते आणि एकाचा उपद्रव टळताना दुसऱ्यास नवा उपद्रव होतो. तिने नकळत होकार दिल्यास स्पॅमलाही वाट मिळते. तिकिटे, पावत्या इ. यंत्राने पाठविलेले संदेश उत्तराअभावी अडकून पडतात. दोघेही ही पद्धती वापरत असल्यास एकाची विनंती दुसऱ्याकडे अडते; म्हणून ज्यास पत्र पाठविले त्याचा पत्ता मान्य यादीत आपोआप घालणे आवश्यक ठरते.

एसपीएफ (२००६), डीकेआयएम (२००७) व डीमार्क (२०१५) या संकेतांमुळे संदेश कोणत्या अधिक्षेत्रातून आला हे पडताळता येऊ लागले. प्रेषकाचा हेतू मात्र त्यांवरून कळत नाही. त्यामुळे मजकुराची संख्याशास्त्रीय छाननीही करावी लागते. प्रेषकाऐवजी प्राप्तकर्त्याचीच संमती विचारणारी पुष्टी सेवांच्या नोंदणीत रूढ आहे. तेथेही दुसऱ्याचा पत्ता कोणी दिल्यास त्रयस्थास विनंती जाते. परंतु त्याने मौन पाळल्यास पुढील संदेश येत नाहीत.