आई, मी बैरूतमध्ये नाही!

४ एप्रिल २०२४, गुरुवार. तेल अवीवच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना साताऱ्याहून आईचा फोन आला. कट केला, तर लगेच दुसरा. उचलल्यावर कापरा आवाज : "अरे, तू लेबनॉनला कशाला गेलास?"

गुगल मॅप्सवर माझं लोकेशन तिच्याशी शेअर केलेलं असतं. त्या दिवशी माझा ठिपका थेट बैरूतच्या विमानतळावर! ऑफिसात बऱ्याच जणांचं तेच. तीन दिवसांपूर्वी दमास्कसमधल्या इराणी वाणिज्य दूतावासावर हल्ला झाला होता. इराण उत्तर देणार, याची सगळ्यांना धास्ती होती. त्यासाठीच जीपीएसमध्ये आपणच अडथळा आणतोय, असं इस्रायली लष्कराने सांगितलं.

आईला समजावलं ते असं : जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर असतात. तिथला सिग्नल आपल्यापर्यंत पोचेस्तोवर इतका क्षीण होतो की रेडिओच्या खरखरीतही बुडून जातो. ठरलेला कोड माहीत असल्यामुळे फोनची चिप तो हुडकून काढते. जवळून कुणी त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट केला, की चिपला काही ऐकू येत नाही. हे जॅमिंग. स्पूफिंग त्याहून बेरकी. उपग्रहासारखाच, पण खोटा सिग्नल जरा जोरात पाठवायचा. लष्करी सिग्नल सांकेतिक असतो. फोनमधल्या साध्या जीपीएस सिग्नलवर मात्र खरेपणाची सही नसते. फोन बिचारा फसतो. जीपीएसवर विसंबलेलं शत्रूचं ड्रोनही तसंच वाट चुकतं, म्हणून हा खटाटोप.

टॅक्सीवाले, डिलिव्हरीवाले वैतागले होतेच. पण खरी काळजी वेगळी होती. होम फ्रंट कमांडचं अ‍ॅप तुमचं लोकेशन बघून हल्ल्याचा इशारा देतं. फोनलाच आपण बैरूतमध्ये आहोत असं वाटलं तर? म्हणून अ‍ॅपमध्ये आपलं ठिकाण स्वतः निवडून ठेवा, असं लोकांना सांगण्यात आलं. मी त्याच संध्याकाळी 'तेल अवीव' निवडलं, शेजारच्या आजीबाईंच्या फोनवरही. १३ एप्रिलच्या रात्री इराणने तीनशेहून अधिक ड्रोन आणि क्षेपणास्त्रं इस्रायलवर सोडली.

ज्यांची मुलं इकडे आहेत त्यांना एवढंच सांगेन, ठिपका भलतीकडे दिसला तर घाबरू नका, आधी फोन करा. आई आता नकाशा उघडतच नाही. रोज रात्री "कुठायस?" विचारते आणि मी सांगेन ते खरं धरते. शाळेत असताना कधी धरलं नव्हतं!