‘छान आहे’ म्हणण्यापूर्वी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. संगीताचं शिक्षण म्हणाल तर शून्य. मिरजेत वाढलो, एवढीच काय ती पुण्याई. आमच्या गावात सतारी आणि तंबोरे घडवणारी घराणी आहेत. मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं-बजावणं होतं. त्यामुळे आमच्याकडे पानाच्या ठेल्यावर उभा असलेला माणूससुद्धा गाण्यावर मत देतो. मीही आयुष्यभर देत आलो. या सवयीमुळे एकदा माझ्याच घरातल्या एका पोराचं नुकसान झालं. ते कसं झालं आणि त्यातून मी काय शिकलो, ते आज सांगणार आहे.

माझा भाचा कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी त्यानं हप्त्यावर एक छोटा की-बोर्ड घेतला. ४९ पट्ट्यांचा, म्हणजे चार सप्तकांचा. या की-बोर्डाला स्वतःचा आवाज नसतो. तो कॉम्प्युटरला जोडायचा आणि पियानोचा, ड्रमचा, बेसचा आवाज कॉम्प्युटरमधून काढायचा. शिकवायला कोणी नाही. रात्री जेवण झालं की हेडफोन लावून हा बसायचा. दोन-तीन महिन्यांनी सहा मिनिटांची एक रचना तयार करून त्यानं मला मोबाइलवर पाठवली. सुरुवातीला एकटा पियानो, मग हळूहळू ड्रम, मग बेस, असं काहीतरी होतं. मी चहा पिता पिता ऐकलं. संध्याकाळी तो घरी आला आणि दारातच विचारता झाला, “कैसा लगा, मामू?”

मी म्हणालो, “छान आहे रे. पण मधे जरा गोंगाट होतो.”

तो “जी” म्हणाला आणि गेला. त्यानंतर वर्षभर त्यानं मला काही पाठवलं नाही. मलाही आठवण राहिली नाही. पुढच्या ईदला बहिणीकडे गेलो, तेव्हा तो की-बोर्ड कपाटावर कापडात गुंडाळून ठेवलेला दिसला. मी विचारलं तेव्हा भाचा म्हणाला, “मामू, गोंगाट कुठला तेच मला कळलं नाही. पियानो कमी केला, ड्रम काढले, परत घातले. शेवटी वाटलं, सगळाच गोंगाट असेल. मग पुसून टाकलं.”

मंडळी, मला शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

कारण हेच माझ्या बाबतीतही घडलेलं होतं. कॉलेजात असताना मी एका नियतकालिकाकडे कविता पाठवली होती. ती परत आली. सोबत एक ओळ होती, ‘प्रयत्न स्तुत्य आहे.’ त्या ओळीचा अर्थ लावण्यात मी सहा महिने घालवले. त्याच सुमारास आमच्या मोहल्ल्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना मी एक गझल दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, पेन्सिलीनं एका मिसऱ्याखाली रेघ ओढली आणि म्हणाले, “इथं माझा पाय अडखळतो. बाकी चालता येतं.” बस्स, एवढंच. घरी येऊन मात्रा मोजल्या, तर तिथं खरोखरच एक मात्रा जास्त होती. त्यांनी दुरुस्त करून दिलं नाही, जागा दाखवली.

उर्दूत याला ‘इस्लाह’ म्हणतात. शागिर्दानं गझल दाखवायची आणि उस्तादानं सुधारणा सुचवायची, ही जुनी रीत आहे. मिर्झा गालिब आपल्या शागिर्दांना, विशेषतः हरगोपाल तफ्ता यांना, पत्रांतून इस्लाह देत. मराठीत सुरेश भटांनी नवोदित गझलकारांना अशीच पत्रं लिहून मार्गदर्शन केलं, ‘गझलेची बाराखडी’ लिहून दिली. या परंपरेत बोलणं मोघम नसतं. कुठला शब्द, कुठली मात्रा, कुठला काफिया, ते सांगावं लागतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण भाच्याचं संगीत ऐकताना मी ते विसरलो.

त्याचं गाणं पुसलं गेलं होतं, पण कच्ची फाइल एका पेन ड्राइव्हवर राहिली होती. त्याला म्हटलं, आपण दोघं बसून ऐकू. पण त्याआधी हे संगीत बनतं कसं, ते मला शिकव. तो हसला, पण त्यानं शिकवलं. त्यातलं मला कळलं ते थोडक्यात सांगतो, कारण वस्तू कशी बनते हे ठाऊक नसेल तर तिच्याबद्दल उपयोगाचं बोलता येत नाही.

पियानोत पट्टी दाबली की आत एक छोटी हातोडी तारेवर पडते. पट्टी हलके दाबली तर आवाज हलका, जोरात दाबली तर मोठा. इटलीत फ्लोरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानं १७००च्या सुमारास हे वाद्य घडवलं, ते याच गुणासाठी. त्याच्या नावातच ‘हळू’ आणि ‘मोठ्यानं’ हे दोन इटालियन शब्द आहेत. आता कॉम्प्युटरला जोडलेल्या की-बोर्डात ना तार, ना हातोडी. तिथं पट्टी दाबली की फक्त आकडे जातात. कोणती पट्टी, किती वेळ आणि किती जोरात. आकड्यांची ही भाषा १९८३पासून रूढ आहे. तिला ‘मिडी’ म्हणतात. त्यात जोर मोजायचा तो १ ते १२७ या आकड्यांत.

नवशिक्याची पहिली अडचण इथंच होते. तो माउसनं सूर मांडतो, तेव्हा सगळे सूर एकाच जोरानं वाजतात. ऐकणाऱ्याला वाटतं, कोणी टाइपरायटर बडवतंय. दुसरी अडचण तालाची. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. मागेपुढे पडलेले सूर ती अचूक मात्रेवर नेऊन बसवते. चूक झाकली जाते, पण सगळेच सूर रांगेत उभे केले की हाताचा जिवंतपणा जातो. तिसरी अडचण गर्दीची. पियानोचा पट्टा फार मोठा, सर्वांत खालची तार सेकंदाला साडेसत्तावीस वेळा थरथरते, तर सर्वांत वरची चार हजारांहून जास्त वेळा. डावा हात खाली वाजवतोय आणि त्याच भागात बेस आणि मोठा ड्रमही आला, तर तिघं एकमेकांचे पाय तुडवतात. चौथी अडचण पुनरावृत्तीची. चार स्वरसमूहांची एक साखळी करून ती फिरवत ठेवणं सोपं असतं. पण ऐकणाऱ्याला तीन मिनिटांनंतर कुठंतरी पोचायचं असतं.

एवढं कळल्यावर आम्ही हेडफोन लावून रचना पुन्हा ऐकली. या वेळी मत देण्याआधी मी एक प्रश्न विचारला, जो आधीच विचारायला हवा होता. “यात तुला काय करायचं होतं?”

तो जरा लाजला. म्हणाला, “मामू, रात्रपाळी संपवून घरी येतो ना, तो रस्ता. पियानो म्हणजे मी. ड्रम म्हणजे कानात राहिलेली मशिनं.”

म्हणजे मी ज्याला गोंगाट म्हणालो होतो, तो त्यानं मुद्दाम घातला होता. बिघडलं होतं ते वेगळंच. दोन मिनिटं दहा सेकंदांनी बेस सुरू होत होता आणि तिथपासून डाव्या हाताचा पियानो ऐकू येत नव्हता. त्यानं सांगितलेल्या अर्थानं बोलायचं, तर रस्त्यावरचा माणूसच दिसेनासा होत होता. मी एवढंच म्हणालो, “दोन-दहानंतर पियानो मला सापडत नाही. तो ऐकू यावा असं तुला वाटतं का?” त्यानं तो भाग पुन्हा ऐकला, मग पुन्हा. आणि स्वतःच म्हणाला, “डावा हात एक सप्तक वर नेऊन बघतो.”

वर्षापूर्वी याच जागेबद्दल मी एक शब्द बोललो होतो आणि पोरानं हात आखडला होता.

आमच्या गावात तंबोऱ्याची जवारी लावताना पाहण्यासारखी असते. कारागीर घोडीचा पृष्ठभाग किंचित घासतो, तार बसवतो, छेडतो, कान देतो, पुन्हा किंचित घासतो. एकदम जास्त घासलं गेलं तर सगळा पृष्ठभाग नव्यानं करावा लागतो. अभिप्राय असाच द्यावा. एका वेळी एक गोष्ट, मग पुन्हा ऐकणं. दहा दोष एकदम सांगितले तर करणाऱ्याला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं १९९०पासून अभिप्राय देण्याची एक रीत बसवली आहे. तिच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ऐकणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. दुसरीवर कलावंतानं आपल्या शंका विचारायच्या. तिसरीवर ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत दडवायचं नाही. “इतकं लांब कशाला?” हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे. “लांबी ठरवताना काय विचार केलास?” हा प्रश्न. आणि चौथी पायरी मताची. तीही परवानगी घेऊन, “तालाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?” असं विचारून. आपण सगळे थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो आणि तीही न विचारता.

आणखी एक पथ्य. दोष आणि आवड यांत फरक करावा. आवाज फाटतोय, टाळी मात्रेवर पडत नाही, हा दोष, तो सांगावा. पण “यात मींड नाही” ही तक्रार व्यर्थ, कारण पियानोच्या पट्ट्यांवर मींड निघतच नाही. याच कारणानं आपल्या आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ साली सैल झाली. वादकानं काय वाजवलं याचा विचार न करता वाद्यावरच राग काढला गेला.

शिकागोच्या मार्शल जेफर्सनची गोष्ट अशीच आहे. टपाल खात्यात नोकरी करणारा हा तरुण की-बोर्ड नीट वाजवू शकत नव्हता. म्हणून त्यानं पियानोचा भाग संथ लयीत वाजवून घेतला आणि मग यंत्रावर वेग वाढवला. शिकागोत तेव्हा जे ‘हाउस’ संगीत चाललं होतं, त्यात असा पियानो नव्हता. पियानो आहे म्हणजे हे हाउस नव्हेच, असं आपल्याला सुनावलं गेलं, असं तोच मुलाखतींत सांगत आला आहे. ‘मूव्ह युअर बॉडी’ या नावानं १९८६ साली ते गाणं बाहेर पडलं आणि पुढे पियानो त्या संगीताची ओळख होऊन बसला. ऐकवणाऱ्यांनी आपली आवड नियम म्हणून सांगितली होती.

कानाबद्दलही दोन गोष्टी. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, तेव्हा त्यावर ऐकून बेसबद्दल बोलू नये. आणि जुनं-नवं रूप ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा, कारण जे मोठ्यानं वाजतं ते आपल्या कानाला उगाचच जास्त चांगलं वाटतं.

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? पोराला काही उस्ताद व्हायचं नाही, हौस आहे. पण हौशी माणसालाच जपून सांगावं लागतं. त्याला मानधन नाही, टाळ्या नाहीत, उद्याचा कार्यक्रम नाही. दिवसभराच्या कामानंतर उरलेल्या तासाभरात तो काही करतो आणि घरातल्या एका माणसाला दाखवतो. त्या माणसानं हातातला चहा बाजूला ठेवून ऐकावं, एवढीच त्याची अपेक्षा असते. नुसतं ‘छान’ म्हणणं म्हणजे ऐकण्याचे कष्ट टाळणंच असतं, आणि नुसतं ‘गोंगाट’ म्हणणंही तेच.

भाच्याचा की-बोर्ड कपाटावरून खाली आला आहे. त्या रचनेचं चौथं रूप त्यानं परवा पाठवलं. पियानो आता शेवटपर्यंत ऐकू येतो. चार मिनिटांनंतर मला थोडं रेंगाळल्यासारखं वाटतं. पण त्याबद्दल काही बोललो नाही. तो रविवारी येणार आहे. आधी तो काय विचारतो, ते ऐकणार आहे.

तुमच्याही घरात कोणी काही वाजवत, लिहीत, रंगवत असेल. त्यानं विचारलं तर निदान कुठल्या मिनिटाला, कुठल्या ओळीत, कुठल्या कोपऱ्यात ते सांगा. आणि त्याआधी त्याला काय करायचं होतं, ते विचारून घ्या.