गर्भारपणातील उदरवेदना व श्रोणिवेदना

गर्भारपणातील उदरवेदना व श्रोणिवेदना : गर्भधारणेपासून प्रसूतीला प्रत्यक्ष प्रारंभ होईपर्यंतच्या काळात पोट, ओटीपोट, जांघा, जघनास्थी व कमरेचा मागील भाग येथे जाणवणाऱ्या वेदनांचा येथे विचार केला आहे. बहुतेक गर्भवतींना अशी वेदना केव्हा ना केव्हा होते आणि बहुधा ती शरीरातील स्वाभाविक बदलांमुळेच उद्‌भवते. तथापि गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, वार अकाली सुटणे, अकाल प्रसूती यांसारख्या गंभीर अवस्थांचे पहिले लक्षणही पुष्कळदा पोटदुखी हेच असते. त्यामुळे वेदनेचे स्थान, स्वरूप, कालावधी आणि सोबतची लक्षणे यांवरून तिचे कारण ओळखणे महत्त्वाचे ठरते. ‘या दिवसांत दुखायचेच’ असे सांगून वडीलधाऱ्या बायकांनी गप्प केलेली गर्भवती उशिरा रुग्णालयात पोहोचते. उलट, प्रत्येक कळेला भिऊन महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राहणारी गर्भवती स्नायूंचे बळ गमावते व तिची वेदना वाढतच जाते.

शारीरिक पार्श्वभूमी : गर्भरहित अवस्थेत गर्भाशयाची लांबी सु. ७·५ सेंमी. व वजन ५० ते ७० ग्रॅ. असते. दिवस पूर्ण भरल्यावर हे वजन सु. १,१०० ग्रॅ. होते आणि एरवी जेमतेम १० मिलि. मावेल एवढी आतील पोकळी सु. ५ लि. इतकी विस्तारते. सु. १२ आठवड्यांनंतर गर्भाशय श्रोणीच्या पोकळीतून वर येऊ लागते, २० आठवड्यांच्या सुमारास त्याचा माथा बेंबीपर्यंत व ३६ आठवड्यांच्या सुमारास उरोस्थीच्या खालच्या टोकापर्यंत पोहोचतो. आतडी वर व बाजूंना सरकतात, पोटाच्या पुढील भिंतीचे स्नायू ताणले जातात आणि शरीराचा तोल सांभाळताना कमरेचा बाक वाढतो. याच सुमारास प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनाच्या प्रभावाने अनैच्छिक स्नायू शिथिल होतात. आतड्यांची गती मंदावून मलावरोध व वायू, जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू सैलावून छातीत जळजळ आणि मूत्रवाहिन्या रुंदावून मूत्राचा निचरा मंद होणे, हे त्याचेच परिणाम होत. पोटात मुरडा येऊन घाबरलेल्या अनेक गर्भवतींचे दुखणे शौचास साफ होताच थांबते. रक्तक्षयावरील लोहाच्या गोळ्यांनी मलावरोध वाढतो. म्हणून त्या परस्पर बंद करणे मात्र योग्य नाही.

गोल बंधांची वेदना : गर्भाशयाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपासून निघून जांघेतील मार्गातून बृहत्‌ भगोष्ठापर्यंत जाणारे दोन दोरीसारखे बंध असतात, त्यांस गोल बंध म्हणतात. गर्भाशयाबरोबर तेही लांबतात व जाड होतात. कुशीवर वळताना, झटकन उठताना, खोकताना वा शिंकताना ते एकाएकी ताणले जाऊन जांघेत किंवा ओटीपोटाच्या एका बाजूस सुरी लागल्यासारखी कळ येते व काही सेकंदांत ओसरते. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत ही वेदना विशेष आढळते. गर्भाशय बहुधा किंचित उजवीकडे वळलेले असल्याने ती उजव्या बाजूस अधिक जाणवते आणि त्यामुळेच आंत्रपुच्छशोथाची शंका घेतली जाते. खोकला वा शिंक येण्यापूर्वी मांड्या पोटाकडे किंचित वळविणे, बिछान्यावरून उठताना आधी कुशीवर होऊन हातांचा आधार घेणे, कळ आल्यास त्याच बाजूस थोडे वाकणे, एवढ्याने बहुतेकींना आराम पडतो.

श्रोणिमेखलेची वेदना : श्रोणीची हाडे पुढे जघनसंधीने व मागे त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांनी जोडलेली असतात. सु. २० टक्के गर्भवतींना या सांध्यांच्या ठिकाणी त्रासदायक वेदना होते. एरवी जघनसंधीतील अंतर सु. ४ ते ५ मिमी. असते, गर्भारपणात ते २ ते ३ मिमी.नी वाढते. हे अंतर १० मिमी.पेक्षा अधिक झाल्यास संधी विलग झाला असे समजतात, पण तसे क्वचितच घडते. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ मध्ये गर्भवती प्राण्यांच्या रक्तरसाचे अंतःक्षेपण केले असता गिनीपिगांच्या जघनसंधीचे बंध सैल होतात असे दाखविले. त्यास कारणीभूत असलेल्या हॉर्मोनाला पुढे रिलॅक्सीन हे नाव मिळाले. दीर्घकाळ सर्व दोष या हॉर्मोनाला दिला जात असे. परंतु स्त्रियांमध्ये त्याचे रक्तातील प्रमाण आणि वेदनेची तीव्रता यांचा निश्चित संबंध आढळलेला नाही. सांध्यांवर पडणारा असमान भार, कंबर व ओटीपोटाच्या स्नायूंची दुर्बलता आणि पूर्वीची कमरेची दुखापत यांनाही आता महत्त्व दिले जाते.

जिना चढताना, एका पायावर उभे राहून परकर वा सलवार घालताना, मांड्या फाकताना आणि रात्री कूस बदलताना ही वेदना उफाळते. चालताना सांध्यात कट्‌कट् असा आवाजही येतो. तिने गर्भास अपाय होत नाही. गर्भवतीचे चालणे, झोप व मनःस्वास्थ्य मात्र पार बिघडू शकते. कमरेवर कळशी व डोक्यावर हंडा घेऊन पाणी वाहणे, वाकून केर काढणे, उकिडवे बसून धुणे धुणे ही कामे या दृष्टीने सर्वांत वाईट. कारण त्यांत भार एका बाजूवर पडतो किंवा जघनसंधी ताणला जातो. ऊसतोडीच्या फडात शेवटच्या महिन्यांपर्यंत मोळी उचलणाऱ्या स्त्रीला ‘विश्रांती घ्या’ एवढा उपदेश पुरेसा नाही, हे येथे नमूद केले पाहिजे; तिच्या वाट्याचे ओझे कोणीतरी उचलणे, हाच तेथे उपचार होय.

साध्या उपायांनी पुष्कळ फरक पडतो. कुशीवर निजून दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी किंवा गोधडीची घडी ठेवावी. कूस बदलताना गुडघे एकत्र ठेवावे. कपडे बसून घालावे, पावले लहान टाकावी, जिना एकेक पायरीने चढावा. मांडी घालून वा एकाच बाजूस पाय घेऊन बसण्याऐवजी पाठीला आधार असलेली खुर्ची वापरावी. वेदना वाढविणारी हालचाल टाळून बाकीचे हिंडणेफिरणे चालू ठेवावे. श्रोणीभोवती पोटाच्या फुगवट्याखाली बांधलेला रुंद पट्टा काहींना उपयोगी पडतो. तो पोटावर आवळू मात्र नये. भौतिकोपचारतज्ञाने शिकविलेले ओटीपोट, नितंब व कमरेचे व्यायाम, हात व गुडघ्यांवर राहून पाठ वर-खाली करणे, पाण्यातील व्यायाम आणि कमरेवर सोसेल इतपत कोमट शेक हेही लाभदायक असतात. उत्तरार्धात बराच वेळ उताणे निजल्यास गर्भाशयाचा भार अधोमहानीलेवर पडून चक्कर येते, म्हणून कुशीवरच निजणे चांगले.

खोट्या कळा : गर्भाशयाचे स्नायू गर्भारपणातही मधूनमधून आकुंचन पावत असतात. इंग्लिश वैद्य जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये त्यांचे वर्णन केले व त्यांचेच नाव या आकुंचनांस मिळाले. पोट काही वेळ टणक होते व पुन्हा सैल पडते. ही आकुंचने अनियमित असतात. पाणी पिणे, लघवीला जाऊन येणे वा बसण्याची ढब बदलणे यांनी ती कमी होतात. खऱ्या कळा मात्र नियमित असतात, त्यांतील अंतर कमी व जोर अधिक होत जातो, त्या पुष्कळदा कमरेतून पुढे येतात आणि विश्रांतीने थांबत नाहीत. पहिलटकरणीत शेवटच्या काही आठवड्यांत गर्भाचे डोके श्रोणीत उतरते. त्यामुळे श्वास मोकळा होतो, पण ओटीपोट जड वाटते.

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी दर १० मिनिटांनी वा त्याहून लवकर कळा येणे, हे अकाल प्रसूतीचे लक्षण समजून ताबडतोब रुग्णालय गाठावे. यात वेळेला फार किंमत आहे. न्यूझीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्स व रॉस हाउई यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मातेस स्टेरॉइड दिल्याने अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांतील श्वसनविकार घटतो असे दिसून आले. या औषधाचा पुरेसा परिणाम होण्यास सु. २४ तास लागतात. सकाळी सुरू झालेल्या कळांसाठी गर्भवती रात्री निघाली, तर त्यांतील अर्धा दिवस वाटेआधीच संपलेला असतो.

गंभीर कारणे : पहिल्या तीन महिन्यांत एका बाजूची सतत वेदना, थोडा रक्तस्राव, भोवळ वा खांद्याच्या टोकाशी दुखणे ही गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेची लक्षणे असू शकतात. शंभरांतील एक ते दोन गर्भधारणा अशा असतात व त्यांतील बहुसंख्य अंडवाहिनीत असतात. खांदा दुखतो तो पोटात साचलेल्या रक्ताने मध्यपटल क्षुब्ध झाल्यामुळे. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला क्वचित गर्भ राहिलाच, तर तो अंडवाहिनीत असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून ‘शस्त्रक्रिया झाली आहे’ या समजुतीवर विसंबू नये. फुटलेल्या अंडवाहिनीवरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया रॉबर्ट लॉसन टेट यांनी १८८३ मध्ये केली. तोपर्यंत निदान झाले तरी वैद्याच्या हाती फारसे काही नसे. आता रक्तचाचणी व सोनोग्राफीने निदान लवकर होते आणि अंडवाहिनी फुटण्यापूर्वी काही रुग्णांत केवळ औषधानेही काम भागते. मुरड्यासारख्या कळा व रक्तस्राव एकत्र असल्यास गर्भपाताची शक्यता असते. ऋण आर्‌एच्‌ गटाच्या मातेस अशा वेळी प्रतिबंधक लस-द्रव्य देण्याची गरज पडू शकते [⟶ गर्भपात].

उत्तरार्धात पोट लाकडासारखे टणक होऊन सतत दुखत राहिले तर वार सुटली असण्याचा संभव असतो. रक्तस्राव आतच साचत असल्यास बाहेर काहीही दिसत नाही, हा या विकाराचा मोठा धोका. उजव्या बरगडीखालील वा पोटाच्या वरच्या भागातील वेदना, डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे आणि १४०/९० वा त्याहून अधिक रक्तदाब हे प्री-एक्लँप्सिया या विकाराचे द्योतक होय; तिला आम्लपित्त समजून चूर्ण देत बसणे जिवावर बेतू शकते. थंडी वाजून ताप व कुशीत दुखणे हे मूत्रपिंडाच्या संक्रामणाचे लक्षण असून ते उजव्या बाजूस अधिक आढळते. आंत्रपुच्छशोथाच्या बाबतीत पूर्वी अशी समजूत होती, की वाढत्या गर्भाशयाबरोबर आंत्रपुच्छ वर सरकते व वेदनाही वर जाते. पुढील पाहण्यांत बहुतेक गर्भवतींची वेदना नेहमीप्रमाणे उजव्या ओटीपोटातच आढळली आहे. शस्त्रक्रिया लांबविल्यास गर्भाला असलेला धोका वाढतो [⟶ आंत्रपुच्छशोथ]. पित्ताश्मरी, मूत्राश्मरी, अंडकोशाला पीळ पडणे व गर्भाशयातील तंतुमय गाठींचा अपकर्ष ही इतर कारणे होत.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, ताप, भोवळ, न थांबणारी वेदना, लघवीस जळजळ किंवा गर्भाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही वेदनेसोबत असल्यास घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. महाराष्ट्रात १०८ व गर्भवतींसाठी १०२ या दूरध्वनी क्रमांकांवर रुग्णवाहिका मागविता येते.

औषधे व घरगुती उपचार : आवश्यक असल्यास पॅरासिटॅमॉल हे औषध वैद्यांच्या सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत व थोड्या दिवसांपुरते देतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत. विसाव्या आठवड्यानंतर त्यांच्यामुळे गर्भाच्या मूत्रपिंडांचे कार्य मंदावून गर्भजल घटू शकते आणि शेवटच्या तिमाहीत गर्भाच्या हृदयाजवळील आवश्यक रोहिणीमार्ग अकाली मिटण्याचा धोका असतो. प्री-एक्लँप्सियाच्या प्रतिबंधासाठी दिलेले अल्प मात्रेतील ॲस्पिरीन मात्र स्वतःहून बंद करू नये. मलावरोधावर भरपूर पाणी, पालेभाज्या, कोंड्यासकट भाकरी व इसबगोल योग्य होत. एरंडेल घेऊ नये. त्याने आतड्यांबरोबर गर्भाशयही आकुंचन पावू शकते. पोट चोळून ‘गर्भ सरळ करण्याची’ रीत काही भागांत आहे. जोराने चोळल्यास वार सुटण्याचा धोका असल्याने ती सर्वथा त्याज्य आहे.

प्रसूतीनंतर श्रोणिमेखलेची वेदना बहुतेक स्त्रियांत काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरते. थोड्या स्त्रियांत ती रेंगाळते व पुढील गर्भारपणात पुन्हा उद्‌भवते. म्हणून प्रसूतीच्या वेळी मांड्या वेदनारहित मर्यादेपलीकडे फाकल्या जाऊ नयेत यासाठी या त्रासाची कल्पना सुईणीस वा परिचारिकेस आधीच द्यावी. कुशीवर किंवा हात व गुडघ्यांवर राहूनही प्रसूती होऊ शकते. तीन महिन्यांनंतरही चालताना दुखत असल्यास भौतिकोपचार पुन्हा सुरू करावे लागतात.