मामांची सायकल आणि पंचाहत्तर पैशांची वीज

जिममधल्या सायकलवर तुम्ही अर्धा-अर्धा तास घाम गाळता. समोरच्या स्क्रीनवर कॅलरीज, किलोमीटर, हार्टबीट असं काय काय झळकत असतं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'वॉट्स' लिहिलेलं असतं. त्या आकड्याकडे कधी नीट बघितलंय? मीही बघत नव्हतो. बघायला लागलो ते माझ्या मामांमुळे.

मामा देऊळगाव राजाचे. पुण्यात हे नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, 'म्हणजे नेमकं कुठे?' मग बुलढाणा जिल्हा, जालन्याहून तासाभराच्या आत, बालाजीचं देऊळ, शेजारी जिजाऊंचं सिंदखेड राजा... अशी सगळी वंशावळ सांगावी लागते. तर २०१५ च्या दिवाळीनंतर मामांनी मला व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ पाठवला. मूळचे लखनौचे आणि अमेरिकेत 'फाइव्ह अवर एनर्जी' हे पेय विकून अब्जाधीश झालेले मनोज भार्गव त्यात एका जागच्या जागी उभ्या सायकलबद्दल बोलत होते. 'बिलियन्स इन चेंज' या त्यांच्या डॉक्युमेंटरीतला हा भाग. एक तास पेडल मारा, घराला चोवीस तास वीज मिळवा! भारतात अशा दहा हजार सायकली देणार, असंही तेव्हा जाहीर झालं होतं. पुढे किंमतही सांगण्यात आली, बारा ते पंधरा हजार रुपये.

मामांचा फोन आलाच. "पाहिलं का रे? तू इंजिनीअर हायेस. पंधरा हजार धाडू का? अन् एक सांग, याच्यावर शेतातली मोटर चालन का?"

तीस माणसं लागतील, मामा

मी लॅपटॉप उघडला. (आयटीवाल्याला दुसरं काय येतं?) धडधाकट माणूस दमून न जाता तासभर पेडल मारू शकतो ती साधारण पंचाहत्तर वॉटने. फिट असाल तर शंभर. मामांची मोटर तीन एचपीची, म्हणजे सव्वादोन हजार वॉटची. सरळ भागाकार केला तर तीस माणसं एकदम पेडल मारायला हवीत, तीही गळती शून्य धरून. तीस माणसांचा चहा करण्यातच मामींचा दिवस जाईल.

घराचा हिशोबही काही बरा निघेना. आपल्या बिलावरचा एक युनिट म्हणजे हजार वॉट एक तास. पंचाहत्तर वॉटने तासभर पेडल मारलं की युनिटचा तेरावा हिस्सा. युनिटला दहा रुपये धरले तर तासाची कमाई पंचाहत्तर पैसे! महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या टू बीएचकेला रोज पाच युनिट लागतात. त्यासाठी रोज पासष्ट-सत्तर तास पेडल मारावं लागेल. दिवस चोवीस तासांचाच आहे, काय करणार?

बरं, हे पाय काही फुकट चालत नाहीत. खाल्लेल्या अन्नातली साधारण वीस-पंचवीस टक्केच ऊर्जा पेडलपर्यंत पोचते. त्या पंचाहत्तर पैशांच्या विजेसाठी पोटात तीनशेच्या आसपास कॅलरी जातात. पिठलं-भाकरीचा भाव आज काय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

मग व्हिडिओ खोटा होता का? तसं नाही. 'घर' म्हणजे कुठलं घर, यावर सगळं अवलंबून आहे. ज्या घरात दोन-तीन एलईडी बल्ब आणि मोबाइल एवढाच संसार आहे, तिथे तासाभराची वीज बरीच पुरवता येते. पंखा आला की ओढाताण सुरू. फ्रिज, मिक्सर, इस्त्री आली की संपलंच. २०१५ सालीच रॉबर्ट फोर्स्टेमान या जर्मन सायकलपटूला सातशे वॉटच्या टोस्टरला जोडलेल्या सायकलवर बसवलं होतं. मांड्या बघितल्यात तर घाबराल, असा ऑलिंपिक पदकवाला गडी. एक ब्रेडचा स्लाइस भाजून तो जमिनीवर आडवा झाला. एक स्लाइस!

हे सगळं मी मामांना मोठ्या हुशारीने समजावून सांगितलं. फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "तुमच्या पुण्यात लाइट जात नाही ना, म्हणून तुले हिशोब सुचतात."

झोंबलं. कारण खरं होतं. २००६ मध्ये 'पुणे मॉडेल' आलं, म्हणजे कंपन्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, ग्राहकांनी थोडा जादा दर भरायचा आणि शहराचं लोडशेडिंग बंद. त्याच सुमारास मी होस्टेलवर ट्यूबलाइटखाली सबमिशन लिहीत होतो, आणि सुट्टीत गावी गेलो की दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. मामेबहिणीने दहावी कंदिलावर काढली. पाण्याची पाळी रात्रीची, मोटर सुरू करायला मामा बॅटरी घेऊन अंधारात शेतात. त्या माणसाला मी टोस्टरच्या गोष्टी सांगत होतो.

चाक आपोआप फिरलं तेव्हा...

पुढच्या सुट्टीत आम्ही सायकल स्वतःच बांधली. मामांची जुनी काळी सायकल, स्टँडवर पक्की. जालन्यातून भंगारात कारचा अल्टरनेटर आणला. तो साफ फसला. अल्टरनेटरला आधी स्वतःतलं चुंबक जागं करायलाच वीज लागते आणि फेरेही भरपूर लागतात. पायांची अर्धी मेहनत तोच खातो. मग जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरची चोवीस व्होल्टची, आत कायमचं चुंबक असलेली मोटर मिळवली. मोटर उलटी वापरली, म्हणजे बाहेरून फिरवली, की तीच जनरेटर! मागच्या चाकाचा टायर काढला, रिमवरून पट्टा घेतला, मोटरला छोटी पुली. पेडलचे मिनिटाला साठ फेरे, चेनमुळे मागच्या चाकाचे दीडशे, पुलीमुळे मोटरचे दीड हजार. बारा व्होल्टची बॅटरी भरायला एवढं पुरतं.

बॅटरी जोडली आणि सायकलचं चाक आपोआप गरगरायला लागलं. मामी किंचाळल्या, "अगं बाई, कोण बसलंय त्याच्यावर?" कोणी नाही. डायोड लावायचा राहिला होता, त्यामुळे वीज बॅटरीकडून मोटरकडे उलटी धावत होती. अडतीस रुपयांच्या डायोडने भूत उतरलं.

मीटर लावला. मी पंधरा मिनिटं सत्तर वॉट काढले आणि ओसरीवर आडवा झालो. बावन्न वर्षांच्या मामांनी चाळीस वॉट वीस मिनिटं काढले, घाम पुसला आणि फक्त एवढंच म्हणाले, "पुण्याचं पाणी." त्यांच्या वीस मिनिटांत सात वॉटचा एक एलईडी बल्ब दीड तास चालला. जिवाचा आटापिटा करून दीड तास! पण पूर्वीच्या साठ वॉटच्या पिवळ्या बल्बला तेवढी वीज दहा-बारा मिनिटंच पुरली असती. पेडलच्या विजेला जे काही दिवस आले ते एलईडीमुळे.

नागपूरच्या सरांनी वीज केलीच नाही

परत आल्यावर वाचता वाचता सापडले नागपूरचे प्रा. जे. पी. मोडक. यांनी १९७९ पासून पेडलच्या ताकदीवर काम केलं, आणि आपल्या विदर्भातच! त्यांची युक्ती वेगळी. पायांची ताकद विजेत बदलायची, बॅटरीत भरायची, पुन्हा काढायची, यात प्रत्येक टप्प्यावर गळती. त्यापेक्षा मिनिटभर पेडल मारून एक जड फ्लायव्हील वेगात आणायचं आणि मग क्लच जोडून ती साठलेली ताकद काही सेकंदांत यंत्राला एकदम द्यायची. माणूस पाव एचपीसुद्धा धड देत नाही, पण त्या काही सेकंदांपुरतं तीन ते सात एचपीचं काम होतं. यावर त्यांनी विटा पाडायचं यंत्र केलं. माझ्या मते ही आयडिया व्हिडिओतल्या सायकलपेक्षा जास्त शहाणी आहे, फक्त तिला अब्जाधीश मिळाला नाही. मामांना सांगितलं तर त्यांचा पुढचा प्रश्न तयार: "कडबा कुट्टी होईन का?" होईल, मामा.

(तुम्हाला गॅलरीत असलं काही बांधायचंच असेल तर तीन गोष्टी विसरू नका. डायोड, बॅटरी जास्त भरू नये म्हणून चार्ज कंट्रोलर, आणि पट्ट्यावर जाळी, कारण ओढणी आणि लहान बोटं तिथेच जातात. वीजबिल कमी करायचं असेल तर मात्र सोलर घ्या. शंभर वॉटचं एक पॅनल आपल्या उन्हात दिवसाला साधारण चारशे वॉट-तास देतं, म्हणजे पाच तासांहून जास्त पेडल मारणारा बिनपगारी माणूस.)

मामांची सायकल अजून ओसरीवर आहे. आता गावात लाइट पूर्वीसारखी जात नाही. शुगर निघाल्यापासून मामा रोज सकाळी वीस मिनिटं त्यावर बसतात आणि बॅटरीही भरते. मागच्या दसऱ्याला मी गेलो तेव्हा संध्याकाळी वादळ झालं आणि ट्रान्सफॉर्मर गेला. तासाभरात गल्लीतली पाच-सहा पोरं चार्जर घेऊन ओसरीवर हजर. मामांनी नियम सांगितला, "ज्याचा फोन, त्याचे पाय." पोरं रांगेत बसली.

माझ्या फोनवर चार टक्के उरले होते. माझा नंबर सातवा.